संदर्भशैलीचे परिवर्तन आणि मराठी वाक्य : बिबटेक व बिबलाटेक यांची एक चिकित्सा

गोषवारा

लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीत लिहिलेल्या लेखाची संदर्भशैली एका ओळीत बदलता येते, असा समज आहे. हा समज लेखाअखेरच्या संदर्भसूचीपुरता बहुतांशी खरा आहे. लेखाच्या संहितेतील वाक्यांना मात्र तो लागू पडत नाही, आणि मराठी वाक्याला तर विशेषच लागू पडत नाही. मराठीत लेखकाच्या नावाला विभक्तिप्रत्यय लागतो, प्रत्ययापूर्वी नावाचे सामान्यरूप होते आणि आडनाव ही कल्पना सर्व लेखकांना सारखी लागू होत नाही. या तीन बाबींच्या अनुषंगाने बिबटेक व बिबलाटेक या संदर्भप्रणालींचा परामर्श येथे घेतला आहे.

बीजसंज्ञा : संदर्भशैली, लाटेक, बिबटेक, बिबलाटेक, सामान्यरूप, लेखकनाम.

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाला आज एकच लेख दोन-तीन वेगवेगळ्या वेषांत पाठवावा लागतो. एका नियतकालिकास एमएलए शैली हवी असते, दुसऱ्यास एपीए, तिसऱ्यास तळटीपा; परिसंवादाच्या संयोजकांना चौकटी कंसातील क्रमांक पुरतात. लेखाचे प्रतिपादन जसेच्या तसे राहते, परंतु स्वल्पविराम, कंस आणि नावांचा क्रम बदलण्यात दोन-चार संध्याकाळी जातात. हे काम हाताने करताना नव्या चुका शिरतात, हा अनुभव सार्वत्रिक म्हणावा असा आहे.

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.ची प्रबंधिका लाटेकमध्ये अक्षरबद्ध केली होती. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने गणिताच्या विभागातील मित्राकडून उसनी घेतलेली ही विद्या. तीमागे मुख्य आकर्षण एकच होते, ते म्हणजे संदर्भ एकदा नोंदवावेत आणि शैली पुढे हवी तेव्हा बदलावी. प्रबंधिकेत संदर्भ क्रमांकाने दिले होते. पुढे तीतील एक प्रकरण लेखरूपाने एका नियतकालिकाकडे पाठवताना लेखक-वर्ष पद्धतीची मागणी झाली. सांगितल्याप्रमाणे एक ओळ बदलली. संदर्भसूची खरोखरच काही क्षणांत नव्या रूपात उभी राहिली. लेखाचे अंतरंग वाचू लागल्यावर मात्र पुढीलप्रमाणे वाक्ये आढळली : ‘कर्वे १९५३ मध्ये असे दाखवले आहे की’, ‘या मताला भागवत १९७० ने छेद दिला आहे’. सूचीत ‘ग’ या अक्षराखाली ‘गुरुजी, सा.’ असे एक नाव होते. हे गृहस्थ कोण, हे समजण्यास क्षणभर वेळ लागला. ते साने गुरुजी होते.

या फसगतीचा दोष सर्वस्वी आज्ञावलीचा नव्हता. पण तो सर्वस्वी लेखकाचाही नव्हता. तो नेमका कोठे होता, याचा शोध पुढे घेतला आहे.

पूर्वपीठिका

आशय आणि त्याचे दृश्यरूप वेगळे ठेवावे, ही कल्पना संगणकीय अक्षरजुळणीत जुनी आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधानाने १९७७-७८ मध्ये ‘टेक’ या प्रणालीस आरंभ केला. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘लाटेक’ उभारली. अमेरिकेतील ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ या प्रणालीत ग्रंथनोंदी स्वतंत्र फाईलमध्ये ठेवण्याची सोय होती. तीच रीत ओरेन पाताश्निक यांनी लॅम्पोर्ट यांच्या सहकार्याने १९८५ च्या सुमारास ‘बिबटेक’मध्ये आणली. लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, वर्ष असे रकाने असलेली नोंद एकदा करावयाची आणि लेखात त्या नोंदीचे सांकेतिक नाव तेवढे लिहावयाचे. लाटेक ही नावे एका सहायक फाईलमध्ये टिपते. बिबटेक ती वाचून हव्या त्या नोंदी उचलते, शैलीच्या फाईलप्रमाणे त्यांची मांडणी करते आणि सूची लाटेकच्या हवाली करते.

बिबटेकसोबत चार शैली मिळत : वर्णानुक्रमाने क्रमांक देणारी, उल्लेखाच्या क्रमाने क्रमांक देणारी, नावे संक्षिप्त करणारी आणि नाव-वर्षाच्या अक्षरांपासून खूणचिठ्ठी बनवणारी. या चौघींपैकी एकीतही आजच्या अर्थाने लेखक-वर्ष पद्धती नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. बिबटेक गणित व संगणकशास्त्राच्या घरात जन्मली आणि त्या घरात क्रमांकाची रीत होती. लेखक-वर्ष पद्धतीचा उगम प्राणिशास्त्रात मानला जातो. हार्वर्डचे एडवर्ड मार्क यांनी १८८१ मधील एका निबंधात ती वापरली. मानसशास्त्रज्ञांच्या एपीए संघटनेने १९२९ मध्ये आपले पहिले लेखननियम प्रसिद्ध केले. शिकागोचे नियमपुस्तक १९०६ चे, एमएलएची पहिली पत्रिका १९५१ ची, वैद्यकातील व्हँकूव्हर पद्धती १९७८ च्या बैठकीतून निघालेली. प्रत्येक शैलीमागे एका ज्ञानशाखेच्या वाचनाच्या सवयी आहेत. मानसशास्त्राच्या वाचकाला निष्कर्ष किती ताजा आहे हे आधी हवे असते, म्हणून वर्ष नावाला चिकटते. इतिहासकाराला दप्तर, खंड आणि पृष्ठ हवे असते, म्हणून तो तळटीप सोडत नाही. गणितज्ञाला वाक्यात व्यत्यय नको असतो. शैली बदलणे म्हणजे केवळ अंगरखा बदलणे नव्हे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

सूची बदलते ती कशी

येथे थोडा तांत्रिक तपशील देणे भाग आहे. बिबटेकच्या जुन्या शैली सूचीतील प्रत्येक नोंदीपुढे केवळ तिचे सांकेतिक नाव लिहितात, क्रमांक लाटेक देते. म्हणजे संहितेत छापण्यासाठी लेखकाचे नाव व वर्ष यांची वेगळी माहिती लाटेककडे पोहोचतच नाही. अशा स्थितीत ‘नॅटबिब’ हे पॅट्रिक डॅली यांचे, १९९० च्या दशकात प्रचारात आलेले साधन जोडून लेखक-वर्ष पद्धती मागितली, की ही सूची त्या पद्धतीशी सुसंगत नाही, अशा आशयाची चूक पडद्यावर येते. नवशिका अध्यापक येथे हबकतो. उपाय साधा आहे : त्याच शैलीची नॅटबिबसाठी केलेली आवृत्ती निवडावी, म्हणजे नाव आणि वर्ष सूचीसोबत येऊ लागतात. पूर्वीच्या शैलीने तयार केलेल्या सहायक फाईली पुसून टाकाव्यात, हेही येथे सांगितले पाहिजे. त्या तशाच राहिल्या तर नव्या शैलीच्या माथी जुन्या शैलीच्या चुका येतात. प्रस्तुत लेखकाची एक संपूर्ण संध्याकाळ यात गेली आहे.

बिबटेकच्या शैलीत स्वतः फेरफार करणे हे दुष्कर काम आहे. तिची भाषा अशी, की आधी चिजा एकावर एक रचावयाच्या आणि क्रिया मागाहून सांगावयाची. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ही भाषा आपल्याला जवळची वाटावी, असा विनोद आमच्या गणितज्ञ मित्राने केला होता. अनुभव तसा आला नाही. ही अडचण ओळखूनच फिलिप लेमान यांनी २००६ मध्ये ‘बिबलाटेक’ पुढे आणले. त्यात सूचीची मांडणी लाटेकच्याच आज्ञांनी होते, आणि नोंदी वाचण्याचे व क्रम लावण्याचे काम ‘बीबर’ ही युनिकोड जाणणारी आज्ञावली करते. मराठीसाठीची भाषाफाईलही बिबलाटेकमध्ये आता आहे. देवनागरी नोंदी बिनदिक्कत लिहिता येतात, ही सोय जुन्या बिबटेकच्या काळात कल्पनेतही नव्हती.

तळटीपांच्या बाबतीत या प्रणालींचे ऋण मान्य केले पाहिजे. आपल्या जुन्या प्रबंधांत ‘तत्रैव’, ‘कित्ता’, ‘उपरिनिर्दिष्ट’ हे शब्द हाताने लिहिलेले असतात. मार्गदर्शकांच्या सूचनेवरून एखादा परिच्छेद मागेपुढे झाला, की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. असे किती ‘तत्रैव’ ग्रंथालयांच्या कपाटांत खोटी साक्ष देत उभे असतील, हे सांगवत नाही. बिबलाटेकची तळटीप-शैली लगतच्या मागील उल्लेखावरून हा शब्द दर वेळी नव्याने ठरवते. परिच्छेद हलवला तर शब्दही बदलतो. एवढ्या एका गुणासाठी ही विद्या शिकावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाक्य बदलत नाही

आता मूळ दुखण्याकडे वळू. क्रमांकाच्या शैलीत लिहिणारा माणूस नकळत क्रमांकालाच नाम समजू लागतो : ‘[३] मध्ये दाखवल्याप्रमाणे’. ही लकब वाईटच आहे, पण क्रमांकशैलीत ती खपून जाते. शैली बदलताच त्या जागी नाव आणि वर्ष अवतरते आणि वाक्य कोसळते. बिबलाटेकच्या साध्या उल्लेख-आज्ञेने क्रमांकशैलीत चौकटी कंस मिळतात, लेखक-वर्ष शैलीत मात्र कंसच मिळत नाहीत. वर दिलेले ‘कर्वे १९५३ मध्ये’ हे ध्यान त्यातूनच निघाले.

नॅटबिबचे खरे मोल येथे दिसते. त्याने उल्लेखाच्या दोन आज्ञा केल्या. एक, ज्यात लेखकाचे नाव वाक्याचा घटक असते आणि केवळ वर्ष कंसात जाते. दुसरी, ज्यात नाव-वर्ष दोन्ही कंसात जाऊन वाक्यापासून अलिप्त राहतात. हा भेद मुळात व्याकरणाचा आहे. तो लेखकाने लिहितानाच केला असेल, तर क्रमांकशैलीत पहिल्या आज्ञेतून ‘कर्वे [३]’ आणि दुसरीतून ‘[३]’ मिळते आणि दोन्ही वाक्ये शाबूत राहतात. बिबलाटेकने हाच विचार पुढे नेला. त्यात एक अशी आज्ञा आहे, जी शैलीनुसार स्वतःच कंस, क्रमांक किंवा तळटीप होते. तळटीप झाल्यास पूर्णविराम आधी घेऊन खूण नंतर ठेवते. ज्याने पहिल्यापासून या आज्ञा वापरल्या त्याच्या बाबतीत एका ओळीचे आश्वासन इंग्रजी लेखनात जवळजवळ पाळले जाते.

मराठीत ते का पाळले जात नाही? कारण मराठीत कर्ता क्वचितच उघडा येतो. इंग्रजीत नाव लिहावे, कंसात वर्ष टाकावे आणि पुढे क्रियापद ठेवावे, की झाले. (षष्ठीच्या ठिकाणी इंग्रजीही अडखळते आणि तिच्यासाठी लोकांनी वेगळ्या आज्ञा रचल्या आहेत, पण तेथे प्रश्न नावाला एक शेपूट जोडण्याचा आहे.) मराठीत ‘ने’, ‘ला’, ‘चा’ हे प्रत्यय नावाला चिकटतात आणि त्यांच्या आधी नाव आतून बदलते. कर्वे यांचे ‘कर्व्यांनी’ होते, नेमाडे यांचे ‘नेमाड्यांच्या’, मर्ढेकर यांचे ‘मर्ढेकरांना’. आज्ञेतून बाहेर पडणारे नाव मात्र नोंदीत लिहिलेले तसेच, प्रथमेत येते. शिवाय त्याच्या आणि प्रत्ययाच्या मध्ये वर्षाचा कंस येऊन बसतो. ‘कर्वे (१९५३)नी’ हे कोणत्याही शाळकरी मुलाला खटकेल असे रूप आहे. जगातील कोणतीही शैलीफाईल कर्वे या शब्दाचे सामान्यरूप जाणत नाही.

यावर मराठी शोधलेखनाने एक तोडगा आधीच काढलेला आहे आणि तो संगणकासाठी काढलेला नाही. तो म्हणजे ‘यांनी’, ‘यांच्या’, ‘यांना’ हे आदरार्थी सर्वनाम. ‘कर्वे (१९५३) यांनी’, ‘कर्वे [३] यांनी’, किंवा तळटीपेच्या खुणेनंतर ‘यांनी’, अशा तिन्ही शैलींत वाक्य उभे राहते. नाव प्रथमेत राहते, प्रत्ययाचा भार सर्वनाम उचलते. स्त्री-पुरुष लेखकांना ते सारखेच चालते; उल्लेख इरावती कर्वे यांचा असो की र. धों. कर्वे यांचा. संगणकाला पेलेल असा हा सांधा मराठीत तयार होता, हा योगायोग सुखद आहे.

परंतु येथेच प्रस्तुत लेखकाचा आक्षेपही सुरू होतो. सामाजिक शास्त्रांच्या लेखनात ‘यांनी’ खपते. वाङ्मयसमीक्षेत काय करावयाचे? ‘मर्ढेकरांची कविता’ आणि ‘मर्ढेकर यांची कविता’ या दोहोंत अर्थाचा फरक नसला तरी नात्याचा आहे. पहिल्यात कवी वाङ्मयाच्या घरातला आहे, दुसऱ्यात तो एखाद्या परिपत्रकातून आल्यासारखा वाटतो. ‘तुकोबांनी म्हटले आहे’ या जागी ‘तुकाराम यांनी नमूद केले आहे’ असे लिहिणारे प्रबंध आपण सर्वांनी तपासले आहेत. ही भाषा आज्ञावलीने आणलेली नाही. ती विद्यापीठीय भयातून आली आहे. मात्र आज्ञावलीच्या सोयीने ती आणखी घट्ट होईल, अशी रास्त शंका आहे. ज्या वाक्यात शैली सहज बदलता येते तेच वाक्य ‘शुद्ध’, अशी समजूत विद्यार्थ्यांत रुजू लागली, तर समीक्षेची भाषा एकसुरी होईल. शैली बदलण्याची सोय वाक्याच्या चालीवर हुकूम चालवू लागली, तर सौदा तोट्याचा आहे.

प्रस्तुत लेखकाने अखेर जो मार्ग पत्करला तो असा. नाव हाताने, हव्या त्या सामान्यरूपात लिहावे आणि त्यापुढे केवळ स्थाननिर्देश आज्ञेने आणावा : ‘कर्व्यांनी (१९५३)’. झोटेरो या २००६ पासून उपलब्ध असलेल्या साधनात लेखकाचे नाव दाबून केवळ वर्ष ठेवण्याची सोय आहे, तिचा मराठीत असाच उपयोग होतो. लाटेकमध्ये केवळ वर्ष छापणारी आज्ञा आहे. परंतु ती आंधळेपणाने वापरू नये. क्रमांकशैलीतही ती वर्षच छापते, क्रमांक नव्हे, आणि मग क्रमांकित सूचीतून ती नोंद शोधणे वाचकाच्या नशिबी येते. म्हणून लेखाच्या आरंभी आपली स्वतःची एक आज्ञा करून घ्यावी, आणि लेखक-वर्ष शैलीत तिचा अर्थ ‘कंसातील वर्ष’, तर क्रमांकशैलीत ‘कंसातील क्रमांक’ असा ठरवावा. शैली बदलताना एकाऐवजी दोन ओळी बदलाव्या लागतात, इतकेच. वाक्य मात्र मराठी राहते.

नावाची परीक्षा

उल्लेखाच्या क्रमाने क्रमांक देणाऱ्या शैलीत सूचीतील नावांकडे कोणी बारकाईने पाहत नाही. आडनाव कोणते, अद्याक्षरे बरोबर आहेत का, एकच लेखक दोन रूपांत आला आहे का, हे सारे तेथे झाकून राहते. लेखक-वर्ष शैलीकडे जाताच सूची आडनावाने लागते आणि नोंदीतील प्रत्येक हलगर्जीपणा उघड्यावर येतो. या अर्थाने शैली बदलणे ही नोंदींची परीक्षाच असते. प्रस्तुत लेखकाच्या नोंदी या परीक्षेत बऱ्याच ठिकाणी अनुत्तीर्ण झाल्या.

बिबटेक आणि बिबलाटेक दोघांचीही धारणा अशी, की स्वल्पविराम नसेल तर नावातील शेवटचा शब्द आडनाव. ‘रघुनाथ धोंडो कर्वे’ या नावापाशी ही धारणा अचूक ठरते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा आपला रिवाज तिच्याशी जुळतो. ‘साने गुरुजी’ या नावापाशी ती हास्यास्पद होते. ‘अण्णा भाऊ साठे’ येथे आडनाव बरोबर मिळते, परंतु एपीएच्या नियमाने नाव ‘साठे, अ. भा.’ असे छापले जाते, आणि महाराष्ट्रातील एकही वाचक त्यातून अण्णा भाऊंना ओळखणार नाही. ‘तुकाराम’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ग्रेस’ यांना आडनाव नाहीच. संस्थांच्या नावांचे दुखणे वेगळे : बिबटेक दोन लेखकांच्या मध्ये ‘अँड’ हा इंग्रजी शब्द शोधते, त्यामुळे इंग्रजीत नोंदवलेल्या संस्थेच्या नावात तो शब्द असला, की एका मंडळाचे दोन लेखक होतात. देवनागरी नोंदीतील ‘आणि’ मात्र ती ओळखत नाही. म्हणून मराठी नावांच्या मध्येही ‘अँड’ रोमन लिपीतच लिहावा लागतो. संपूर्ण नाव महिरपी कंसांच्या जादा जोडीत ठेवले, म्हणजे ते न तोडता एकसंध घेतले जाते. साने गुरुजी असेच ‘स’ या अक्षराखाली परत आणता येतात.

अद्याक्षरांचा प्रश्न लिपीचा आहे. मराठीत आद्याक्षर म्हणजे पहिला वर्ण नव्हे, पहिले अक्षर : विष्णूचे ‘वि.’, धोंडोचे ‘धों.’, श्रीधरचे ‘श्री.’. जुने बिबटेक अक्षर न मोजता बाइट मोजते. देवनागरीचे एक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित संकेतनात तीन बाइटांचे असते, त्यामुळे संक्षेप करताना चिन्हाचा तुकडा पडून सूचीत चौकोन उमटतात. बीबर वर्णसमूह मोजते, म्हणून ‘वि.’ आणि ‘धों.’ नीट येतात. जोडाक्षराचा पेच मात्र युनिकोडच्याच नियमात होता. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीपूर्वी तो नियम ‘श्री’चे ‘श्’ आणि ‘री’ असे दोन समूह करीत असे, आणि त्या जुन्या नियमावर चालणाऱ्या साधनांत श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे ‘श्. व्. केतकर’ होतात. बिबलाटेकच्या विस्तृत नामलेखनात अद्याक्षर स्वतंत्रपणे सांगता येते. दर जोडाक्षरी नावासाठी हे करणे कंटाळवाणे आहे, पण केतकरांसाठी तेवढे करावे.

एकाच व्यक्तीची दोन नावे हा याहून गंभीर विषय आहे. ‘विशाखा’ (१९४२) कुसुमाग्रजांच्या नावावर आहे, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या. लेखक-वर्ष शैलीत ते ‘क’ आणि ‘श’ अशा दोन ठिकाणी विभागले जातात. बाबासाहेब आंबेडकरांचे इंग्रजी ग्रंथ रोमन लिपीत आणि त्यांची मराठी भाषांतरे देवनागरीत नोंदवली, तर एका विचारवंताचे सूचीत दोन लेखक होतात. ग्रंथपालांनी अशा प्रसंगी एका मान्य नावाकडे इतर नावांवरून वाट दाखवण्याची रीत फार पूर्वी घालून दिली आहे. बिबलाटेकमध्ये क्रम लावण्यासाठी छापावयाच्या नावाहून वेगळे नाव देता येते; त्यामुळे छापताना ‘कुसुमाग्रज’ ठेवून क्रम शिरवाडकरांपाशी लावणे शक्य आहे. परंतु तसे करावे का? ज्या लेखाचा विषयच कवीने धारण केलेले नाव हा आहे, तेथे ही दोन नावे दोनच राहिली पाहिजेत. हा निर्णय वाङ्मयीन आहे. आज्ञावली तो घेऊ शकत नाही, आणि एपीएचे नियमपुस्तक लिहिणाऱ्यांपुढे कुसुमाग्रज नव्हते.

‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘क’च्या शेवटी लावावे की वर्णमालेच्या शेवटी, याबाबत आपल्यातच एकमत नाही. बीबरला मराठी वर्णक्रम सांगता येतो, पण आपल्या नियतकालिकाने कोणता स्वीकारला आहे, हे आधी ठरलेले असावे लागते.

काही प्रश्न मराठीत उद्भवतच नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. इंग्रजी शीर्षकांतील मोठी-लहान अक्षरे शैलीगणिक बदलतात आणि विशेषनामे वाचवण्यासाठी कंसांची मोठी डोकेदुखी होते. देवनागरीस ही व्याधी नाही. मात्र ग्रंथनाम तिरप्या ठशात छापावे, हा नियम देवनागरीवर लादला की उलट घडते. बहुतेक देवनागरी टंकांना खरा तिरपा ठसा नसतो. लाटेक एक इशारा देऊन सरळ ठसाच वापरते, आणि पुस्तक कोणते, लेख कोणता हा भेद सूचीतून नाहीसा होतो. आपली एकेरी अवतरणचिन्हांची जुनी रीत येथे अधिक सुज्ञ आहे.

शैली जे गाळते

आतापर्यंत शैली काय मागते ते पाहिले. ती काय टाकून देते, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे. एमएलएने २०१६ च्या आठव्या आवृत्तीत, १९०० पूर्वीचे ग्रंथ वगळता, प्रकाशनस्थळ देण्याची सर्वसाधारण आवश्यकता काढली. एपीएच्या २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने स्थळ गाळले आणि शिकागोच्या २०२४ च्या अठराव्या आवृत्तीनेही ग्रंथांसाठी तोच मार्ग धरला. मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थांच्या जगात हे समजण्यासारखे आहे. त्यांचे एक कार्यालय न्यूयॉर्कला असते, एक लंडनला, आणि गाव सांगून काही साधत नाही. मराठी ग्रंथाच्या बाबतीत गाव ही माहिती आहे. लेखकाने स्वतःच प्रसिद्ध केलेली पुस्तिका, तालुक्याच्या मुद्रणालयात छापलेली स्मरणिका, एखाद्या संस्थेचा शतकोत्तर ग्रंथ यांचा माग बऱ्याचदा गावाच्या नावावरूनच लागतो. शकाचेही तसेच. शके १८४० म्हणजे इसवी १९१८-१९, पण वर्षाच्या रकान्यात एकच आकडा बसतो. लेखक-वर्ष शैलीत तो नावाशेजारी मिरवू लागला की अनिश्चिततेचा मागमूस राहत नाही. अशा वेळी मूळ शक टीपेच्या रकान्यात जपून ठेवावा, एवढे तरी करता येते.

यावरून विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखी एक गोष्ट निघते, आणि ती संगणक न वापरणाऱ्यांसही लागू आहे. आपले विद्यार्थी नोंद करताना हाती असलेल्या शैलीला जे हवे तेवढेच उतरवून घेतात. एपीए सांगितली असेल तर गाव लिहीत नाहीत, लेखकाचे पूर्ण नाव लिहीत नाहीत. अद्याक्षर लिहून मोकळे होतात. पुढे शैली बदलली की ग्रंथ परत मिळवावा लागतो, आणि तो तोवर ग्रंथालयातून दुसऱ्याच्या नावे गेलेला असतो. अद्याक्षरावरून पूर्ण नाव कोणतीही आज्ञावली काढून देत नाही. नोंद ही शैलीपेक्षा नेहमी मोठी असली पाहिजे. ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ आणि त्यामागील पान संपूर्ण उतरवावे, मग कोणत्याही शैलीने त्यातील हवे तेवढे घ्यावे.

प्रस्तुत लेखकाचा तो लेख पुढे लेखक-वर्ष शैलीत छापून आला. साने गुरुजी ‘स’ या अक्षराखाली आले, केतकरांना त्यांचे ‘श्री.’ मिळाले, आणि संपूर्ण सूचीत ‘पुणे’ हा शब्द प्रकाशनस्थळ म्हणून एकदाही आला नाही. नोंदींच्या फाईलमध्ये तो रकाना अद्याप भरलेला आहे. प्रबंधिकेतील दुसरे प्रकरण ज्या नियतकालिकाने मागितले आहे, त्यांना तळटीपा हव्या आहेत, आणि तळटीपेत गाव.